चोख देणेकऱ्याची उपेक्षा

व्यापाराचा खरा आधार भांडवल नसून पत हा आहे, ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावयास नको. दिवाळीच्या मुहूर्तावर आपण वहीचे पूजन करतो ते कोऱ्या कागदांचे नव्हे. वर्षभर दिलेल्या आणि घेतलेल्या शब्दाची जी साक्ष त्या कागदांवर उमटावयाची असते, तिचे ते पूजन होय. या वहीत दोन प्रकारची खाती असतात. एक, ज्याच्या नावे पडलेली रक्कम ठरल्या दिवशी जमेस येते ते. आणि दुसरे, ज्याची बाकी एका वर्षाच्या वहीतून पुढच्या वर्षाच्या वहीत ओढावी लागते ते. पहिल्या खात्याच्या धन्याला पेढीवर मान असे. दुसऱ्याच्या घरी माणूस पाठवावा लागे. व्यापारी नीतीचा हा साधा व सर्वमान्य दंडक होता.

आज उधारी देण्याच्याच एका बलाढ्य धंद्यात हा दंडक उलटा झालेला दिसतो. तेथे ठरल्या दिवशी सारे देणे चुकते करणारा ग्राहक फारसा कामाचा नाही असे समजतात, आणि बाकी ओढीत राहणारा ग्राहक हा धंद्याचा कणा ठरतो. हा धंदा म्हणजे क्रेडिट कार्डाचा. त्यासंबंधी काही विचार व्यापारी बंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय मुंबई-पुण्याचा, त्याचा धारगळशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढत आहे. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि १९६१ साली मुक्त झाला. त्या दीर्घ काळात इकडच्या कुळवाड्याची बँक म्हणजे गावच्या दुकानदाराची वहीच होती. चवथीचा बाजार उधारीवर व्हावा आणि काजूच्या हंगामात तो फिटावा, अशा रीतीने दोन्ही घरे चालत. आता राष्ट्रीय महामार्ग ६६ धारगळवरून जातो. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली आणि त्या विमानतळास महामार्गाशी जोडणारा रस्ता धारगळपाशीच निघतो. बाहेरचा प्रवासी दुकानात येतो तो खिशात कार्ड घेऊनच येतो. आपल्या घरातील नोकरदार मुलेही तेच वापरतात. तेव्हा जी उधारी पूर्वी आपण देत होतो, ती आता कार्डाची बँक देते. आणि तिचा खर्च मात्र, पुढे दिसेल त्याप्रमाणे, पुष्कळसा आपल्याकडूनच वसूल होतो.

या कार्डाचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. १९५० साली न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. उपाहारगृहात जेवावे, कार्ड दाखवावे आणि महिनाअखेर येणारे सारे बिल एकरकमी भरावे, अशी त्याची रीत होती. म्हणजे आरंभी या धंद्यातील प्रत्येक ग्राहक हा चोख फेडणाराच होता. न फेडणाऱ्याला तेथे थारा नव्हता. १९५८ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी बँक ऑफ अमेरिकेने आपले कार्ड वाटले, त्यात बाकी पुढे ओढण्याची व त्यावर व्याज देण्याची सोय होती. धंद्याचे तोंड येथून फिरले. आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड काढले, आणि २०२४ सालच्या आरंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या वर गेली.

या धंद्यातील लोक आपल्या ग्राहकांचे दोन वर्ग करतात. बाकी फिरवीत राहणारा तो ‘रिव्हॉल्व्हर’, आणि दरमहा पूर्ण फेड करणारा तो ‘ट्रान्झॅक्टर’. परंतु अमेरिकेतील धंदेवाईकांच्या खाजगी बोलीत या दुसऱ्या वर्गाला आणखी एक नाव आहे, ते म्हणजे ‘डेडबीट’. इंग्रजीत या शब्दाचा रूढ अर्थ देणे बुडविणारा, फुकट्या असा आहे. जो पैसा बुडवीत नाही, उशीर करीत नाही, मागणीची वेळ येऊ देत नाही, त्यालाच बुडव्या म्हणावयाचे, यापरते शब्दाचे विडंबन ते कोणते? आपल्या पेढीवर एखाद्या मुनिमाने असे म्हटले असते, तर धन्याने त्याला तेथल्या तेथे समज दिली असती.

तथापि, नुसत्या शब्दावर रागावून उपयोग नाही. व्यापाऱ्याने हिशेब मांडून पाहावा. समजा, एका ग्राहकाने ३०,००० रुपयांचा माल कार्डावर घेतला. दुकानदाराच्या रकमेतून शेकडा २ प्रमाणे वटाव कापला गेला, म्हणजे ६०० रुपये. त्यांपैकी शेकडा दीड, म्हणजे ४५० रुपये, कार्ड देणाऱ्या बँकेकडे गेले आणि उरलेले यंत्र पुरविणारी बँक व कार्डांचे जाळे चालविणारी कंपनी यांच्यात वाटले गेले, असे धरू. कार्ड देणाऱ्या बँकेचे पैसे सरासरी ३५ दिवस अडकले. दर साल दर शेकडा ८ प्रमाणे त्यांचे व्याज सुमारे २३० रुपये होते. ग्राहकाला बक्षिसाचे गुण म्हणून शेकडा १ दिला, तर ते आणखी ३०० रुपये. मिळकत ४५० आणि खर्च ५३०. वसुली, फसवणूक, टपाल व नोकरचाकर हे खर्च तर अद्याप धरलेच नाहीत. हे आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी चोख ग्राहक कार्डवाल्यांच्या डोळ्यांत का भरत नाही, हे त्यांवरून ध्यानात येईल.

आता दुसरा ग्राहक घेऊ. त्याचीही खरेदी ३०,००० रुपयांचीच. पण बिल भरताना त्याने २९,००० भरले आणि १,००० पुढे ठेवले. सामान्य समजूत अशी की, व्याज हजारावरच लागेल. पुष्कळ कार्डांच्या शर्ती तसे म्हणत नाहीत. पूर्ण फेड न झाल्यास बिनव्याजी मुदतच नाहीशी होते आणि खरेदीच्या दिवसापासून भरण्याच्या दिवसापर्यंत सगळ्या रकमेवर व्याज चढते. शेकडा साडेतीन दरमहा, म्हणजे वर्षास ४२ हा दर धरला आणि मध्ये ५० दिवस गेले, तर व्याज १,७२६ रुपये होते. त्यावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर ३११ रुपये. हजार रुपये मागे ठेवल्याबद्दल दोन हजारांवर भुर्दंड! शिवाय बाकी शून्यावर येईपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, ती गोष्ट निराळीच. या धंद्याचे प्रेम कोणत्या ग्राहकावर असावे, हे आता वेगळे सांगावयास नको.

धंद्याची ही वृत्ती पूर्वी उघडपणेही प्रकट झालेली आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या कर्जपुरवठा कंपनीने १९९६ साली, जे ग्राहक बाकी ठेवीत नाहीत त्यांच्यावर वर्षाला २५ डॉलरचा आकार बसविला. म्हणजे वेळेवर फेडल्याचा दंड! इंग्लंडमध्ये एग नावाच्या बँकेने २००८ सालच्या फेब्रुवारीत १ लाख ६१ हजार ग्राहकांची कार्डे बंद करण्याचे जाहीर केले. हे ग्राहक जोखमीचे आहेत, असे बँकेचे म्हणणे होते; परंतु आपण दरमहा पूर्ण फेड करीत आलो आहोत, असे सांगणारे अनेक ग्राहक पुढे आले आणि तेथील वृत्तपत्रांत मोठा गहजब झाला.

आपल्याकडे इतका उघड प्रकार सहसा होत नाही. येथे गोष्टी हळूहळू होतात. बक्षिसाच्या गुणांना मर्यादा पडते. विमानतळावरील विश्रामकक्षाची सवलत अमुक इतका खर्च केल्यावाचून मिळेनाशी होते. घरभाडे कार्डावर भरल्यास निराळा आकार, वीज-पाण्याची बिले एका मर्यादेपलीकडे गेल्यास आणखी आकार, अशा पायऱ्या २०२२ सालापासून एकामागून एक चढविल्या गेल्या. दुसरीकडे, मोठी खरेदी केली की ती हप्त्यांत फिरवून घ्या असा आग्रह सुरू होतो. बिलाच्या तगाद्यात एकूण देय रकमेच्या शेजारीच किमान देय रक्कम अशी काही ठळक उभी असते की, घाईतल्या माणसाने तीच भरावी. बिल सुमारे ३०,००० चे असेल आणि किमान रक्कम शेकडा ५ असेल, तर १,५०० रुपये भरून माणूस निश्चिंत होतो, आणि तेथेच त्याच्या पायात बेडी पडते.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कार्डाची उधारी विनातारण असते. कोणी परागंदा झाला, तर बँकेच्या हाती काही राहत नाही. चोरीची आणि ठकबाजीची नुकसानी सोसावी लागते. पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसा देणे ही लहान सोय नव्हे, आणि धंदा धर्मादाय म्हणून कोणी चालवीत नाही. हे सर्व आम्हांस मान्य आहे. किंबहुना बक्षिसाचे गुण कमी केले म्हणून आम्ही तक्रारही करणार नाही. देणगी देणाऱ्याने ती कमी केली तर त्यात अन्याय नाही. आमची हरकत निराळी आहे. ज्या धंद्याची मुख्य प्राप्ती ग्राहकाच्या चुकीतून, विसराळूपणातून किंवा अडचणीतून होते, त्या धंद्याला ग्राहक सुधारावा असे कधी वाटत नाही. आपण उधार देतो ती परत यावी म्हणून देतो; येथे उधार दिले जाते ते पूर्ण परत येऊ नये, या आशेने. सावकारी आणि व्यापारी पत यांतील भेद नेमका हाच आहे.

व्याजाच्या दराबद्दल आपल्या पूर्वजांनी विचार केला नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेकडा सव्वा पण दरमहा हा धर्म्य दर सांगून, व्यापारी व्यवहारास पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यास दहा आणि समुद्रावरून नेणाऱ्यास वीस असे चढते दर दिले आहेत. यातील तत्त्व स्पष्ट आहे. जेथे धनकोच्या पैशाला जंगलाची वा समुद्राची भीती आहे, तेथे दर अधिक; जेथे घरगुती गरज आहे, तेथे कमी. आज घरी बसून मुलांची पुस्तके घेणारा गृहस्थ शेकडा साडेतीन दरमहा देतो, तो कोणत्या अरण्यातून चालला आहे? आपल्याकडे दामदुपटीचाही नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हे बंधन मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीत असत. कार्डाच्या व्याजावर मात्र असे कुंपण राहिलेले नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी, वर्षास शेकडा ३० हून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला आणि व्याजदराचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, असे ठरविले. न्यायालयाने अधिकाराचा प्रश्न सोडविला. औचित्याचा प्रश्न समाजापुढे तसाच उभा आहे.

आता आपल्या स्वतःच्या बाजूकडे वळू. चोख ग्राहकाला जी बिनव्याजी मुदत आणि जे बक्षीस मिळते, ते कार्डवाल्यांच्या खिशातून येते असे मानणे ही भूल आहे. त्याचा एक भाग व्याजात अडकलेला ऋणको देतो आणि दुसरा भाग दुकानदार वटावाच्या रूपाने देतो. युपीआय व रुपे डेबिट कार्डावरील वटाव १ जानेवारी २०२० पासून शून्य केला गेला. साध्या डेबिट कार्डाच्या वटावाला रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या आरंभापासून मर्यादा घातल्या. परंतु क्रेडिट कार्डाच्या वटावाला अशी मर्यादा घातली गेली नाही. किराणा किंवा धान्याच्या धंद्यात जेथे नफाच शेकडा तीन-चार मिळावयाचा, तेथे दोन टक्के जाणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यालाच ठाऊक. ग्राहकाकडून तो आकार निराळा घ्यावा, तर कार्डाच्या करारात त्यास सामान्यतः मनाई असते. मग तो मालाच्या भावातच मिसळतो, आणि रोख पैसे मोजणारी गावची मोलकरीणसुद्धा त्याचा वाटा उचलते. अमेरिकेतील बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. रोख पैसे देणारे कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर गमावते आणि कार्ड वापरणारे कुटुंब सरासरी १,१३३ डॉलर मिळविते, असे त्यांना आढळले. देश निराळा असला, तरी पाणी उताराकडे वाहण्याची रीत सर्वत्र एकच.

म्हणून चोख ग्राहकाची बाजू घेताना त्यालाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. फेड पूर्ण केली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. गुण मिळतात म्हणून नको ती खरेदी करणे, विश्रामकक्षाची सवलत टिकावी म्हणून खर्चाचा आकडा फुगविणे, हा परिग्रहाचाच नवा प्रकार आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला मान न्यायाने मिळविलेल्या धनाला दिला आहे आणि आयाप्रमाणे व्यय करावा, हाही गुण त्यांत आहे. या दोन गुणांत कार्डाचा सारा विवेक येऊन गेला. धनको न्यायाने कमावील आणि ऋणको आयाप्रमाणे व्यय करील, तर किमान देय रकमेचा सापळा कोणासाठी मांडावयाचा? तसेच अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांचा समावेश आहे. बारीक अक्षरांत लपविलेली शर्त ही आजच्या काळातील खोटे माप नव्हे काय? डिचोली महालात कुडणे येथे जुन्या जैन वास्तूचे अवशेष आजही दिसतात. आपला धर्म या भूमीला नवखा नाही. तेव्हा धर्माचा हा मापदंड येथे लावताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

या प्रश्नी सरकारी यंत्रणेने काहीच केले नाही, असेही म्हणता येणार नाही. २१ एप्रिल २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने कार्डांसंबंधी सविस्तर निर्देश दिले. न मागता कार्ड पाठविल्यास आकारलेल्या रकमेच्या दुप्पट दंड, बंद करण्याचा अर्ज सात कामकाजी दिवसांत न निकाली काढल्यास दिवसाला ५०० रुपये, ग्राहकाच्या संमतीवाचून उधारीची मर्यादा न वाढविणे, आकार बदलावयाचे तर महिनाभर आधी सूचना, आणि केवळ किमान रक्कम भरल्याने कर्ज वर्षानुवर्षे लांबते, हा इशारा बिलावर देणे, अशी कलमे त्यांत होती. हे सर्व स्वागतार्हच. परंतु इशारा बारीक आणि प्रलोभन ठळक असेल, तर डोळा कोठे जाणार?

आमच्या मते आणखी तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, बिलात एकूण देय रक्कम हीच मोठ्या अक्षरांत असावी. किमान रक्कम भरल्यास पुढील महिन्याचे व्याज किती होईल, ते रुपयांतच तिच्याशेजारी लिहावे. आणि खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची सूचना देताना पूर्ण फेड हा पर्याय प्रथम असावा. दुसरी, थोडी बाकी राहिल्यास व्याज त्या बाकीपुरतेच लागावे. भरलेल्या रकमेवर मागाहून व्याज चढविणे हे कोणत्याही वहीत शोभणारे नाही. तिसरी, लहान दुकानदाराच्या क्रेडिट कार्डावरील वटावास मर्यादा असावी. या मागण्या आपल्या संघटनेने इतर व्यापारी मंडळांच्या साहाय्याने योग्य ठिकाणी मांडाव्या, अशी आमची सूचना आहे.

परंतु दुसऱ्याच्या वहीतील दोष काढण्यापूर्वी आपली वही उघडून पाहणे हा व्यापाऱ्याचा धर्म होय. आपल्या दुकानांत तरी चोख देणेकऱ्याची कदर पूर्वीसारखी होते काय? जो दोन वर्षे थकला, त्याच्याशी तडजोड करताना आपण चार-पाच टक्के सोडून देतो, त्याच्या घरी चार वेळा जातो, त्याला चहा पाजतो. जो दर महिन्याच्या पाच तारखेला न मागता पैसे आणून ठेवतो, त्याला मात्र तोच भाव, तीच पावती आणि नुसता नमस्कार. म्हणजे उशिराला सूट आणि वेळेला काही नाही! हे कार्डवाल्यांच्या रीतीपासून फारसे दूर नाही. पूर्वीच्या पेढ्यांवर मुदतीपूर्वी रक्कम भरणाऱ्याला व्याजाची कसर मजुरा मिळत असे. ती प्रथा पुन्हा सुरू करता येईल. रोख किंवा वेळेवर देणाऱ्याला शेकडा एक सोडला, तर दोन टक्के वटाव परक्याला देण्यापेक्षा तो व्यवहार स्वस्तच पडेल, आणि पैसा व स्नेह दोन्ही गावात राहतील. ज्याला निकड आहे अशा कुळवाड्याला काजूच्या हंगामापर्यंत थांबण्याची उदारताही तेव्हाच परवडेल, कारण चोख फेडणाऱ्यांच्या बळावरच गरजूंची उधारी उभी राहते.

तरुण बंधूंना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. कार्ड वापरावे की न वापरावे, हा ज्याच्या-त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. त्यात पाप नाही. परंतु जे वापराल ते महिन्याच्या प्राप्तीतून फिटेल एवढेच वापरावे, आणि बिल आले की एकूण रकमेचा आकडा भरावा. आपणांस कोणी कामाचा ग्राहक म्हणो वा न म्हणो. उद्या स्वतःचे दुकान थाटाल तेव्हा घाऊक व्यापारी तुमच्या फेडीची चौकशी करील, कार्डाच्या गुणांची नव्हे. ज्याची बाकी शून्य, त्याची मान ताठ, हा आपल्या वाडवडिलांचा अनुभव आहे. कार्डवाल्यांच्या ताळेबंदात चोख देणेकऱ्याला मोल नसेल. आपल्या वहीत त्याचे खाते पहिल्या पानावर असावे.